जुन्याचे ओझे

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळा खाली उतरतो. वर्षभर अंधारात पडून असलेल्या वस्तू ओसरीवर उन्हात मांडल्या जातात आणि घरात एक छोटीशी न्यायसभा भरते. तांब्याचा बंब, काडी मोडलेली छत्री, आजोबांचे बंद पडलेले घड्याळ, कोणाच्या तरी बारशाचा पाळणा असे एकेक आरोपी पुढे येतात. तरुण मंडळींचा निकाल आधीच ठरलेला असतो : भंगारवाल्याला द्या. वृद्धांचाही ठरलेला असतो : राहू द्या, काही खायला मागते का ते? घरातली कर्ती बाई दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेते आणि अखेर स्वतःच्या मनाला येईल तेच करते. संध्याकाळपर्यंत माळा पुन्हा भरलेला असतो. फरक एवढाच, की आता त्यावर धूळ नसते.

हा प्रसंग आपण हसण्यावारी नेतो; परंतु त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. एखाद्या वस्तूचे काम संपले, किंवा तेच काम करणारे दुसरे साधन आले, तरी त्या वस्तूचा आपल्यावर काही हक्क उरतो का? उरत असेल, तर तो हक्क भागवायचा कोणी? माळ्यावरच्या बंबापुरता हा प्रश्न घरच्या घरी मिटतो. पण ती वस्तू साऱ्या गावाची असेल, तिला रूळ आणि चाके असतील, तिच्यावर दरवर्षी पैसा लागत असेल आणि तिच्यात माणसे बसत असतील, तर न्यायसभा भरवायची कोठे?

मी राहतो त्या बदनापुरात समुद्र नाही की उंच कडा नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. मोसंबीच्या बागा, कापूस, तूर आणि एक रेल्वे स्टेशन ही आमची मिळकत. हे स्टेशन निजामाच्या काळातले. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास आला तो मीटरगेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा. मनमाडला मुंबईचे रूळ रुंद आणि आमचे अरुंद, त्यामुळे तेथे गाडी बदलावी लागे. माणूस धावतपळत बदलून घेई. पण पोत्यांना पाय नसतात. ती हमालांच्या पाठीवरूनच एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात. १९९० च्या दशकात हे अरुंद रूळ उखडले गेले आणि ब्रॉडगेज आली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. जुनी गाडी वाचवा म्हणून गावात कोणी सभा भरवली नाही, की अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. चार म्हाताऱ्यांनी तिची शिटी गोड होती असे म्हटले आणि तेच पहिल्या दिवशी नव्या गाडीने मुंबईला गेले.

मला वाटते, आमच्या गावाने तेव्हा योग्यच केले. मीटरगेजला नव्वदाहून अधिक वर्षे झाली होती. पण केवळ वय हा काही गुण नव्हे. वय हाच गुण धरला, तर देवीचा रोग आणि सावकारी पाश यांनाही मानाचे पान वाढावे लागेल. ‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्याकडे आहे खरी, पण सोनारसुद्धा जुने दागिने आधी कसाला लावतो आणि मगच भाव सांगतो. मग जुन्या गाडीला लावायचा कस कोणता? या प्रश्नाने माझी पाठ घेतली आणि त्याला निमित्त झाली माथेरानची छोटी गाडी.

माथेरानची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर पाहिला आणि उन्हाळ्यात तेथे मुंबईकर साहेबांची ये-जा सुरू झाली. चढण मात्र घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने या डोंगरावर रेल्वे नेण्याचे मनावर घेतले. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग बांधून काढला. खर्च आला सोळा लाख रुपये. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ. वळणे इतकी तीव्र, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला स्वतःच्याच गाडीचे इंजिन समोरून येताना दिसावे.

या गाडीवर संकटेही कमी आली नाहीत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने तिचे रूळ वाहून नेले. ती २००७ साली पुन्हा चालू झाली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याचे प्रकार घडले आणि ती बंद करण्यात आली. २०१८ च्या आरंभी ती पुन्हा नेरळहून निघाली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा दरडी कोसळल्या, मार्ग वाहून गेला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तिसऱ्यांदा तिचा पुनर्जन्म झाला. दर वेळी तोच वाद उपस्थित झाला : या खेळण्यावर एवढा पैसा का ओतायचा? आणि दर वेळी माथेरानकरांनी, दुकानदारांनी, रेल्वेप्रेमी मंडळींनी ती चालू व्हावी म्हणून मागणी लावून धरली.

त्यांच्या मागणीतली कारणे मी नीट वाचत असे. पहिले कारण वैभवाचे : शंभर वर्षांचा वारसा, जगात नाव, युनेस्कोच्या संभाव्य यादीत स्थान. दुसरे धंद्याचे : गाडी असली तर पाहुणे येतात. ही दोन्ही कारणे खरी आहेत, पण माझे समाधान त्यांनी झाले नाही. वैभवासाठी म्हणाल, तर गाडी काचेच्या पेटीत ठेवली तरी वैभव राहते. धंद्यासाठी म्हणाल, तर उद्या अधिक पाहुणे आणणारे दुसरे काही निघाले की ही मोडीत निघाली. मला पटले ते तिसरेच कारण, जे फार मोठ्याने कोणी सांगत नव्हते. माथेरानात मोटारींना बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीच्या वाटेने जायचे. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला, तान्हे मूल कडेवर असलेल्या बाईला, औषधाच्या पिशवीसह परतणाऱ्या रहिवाशाला, घोड्याचे पैसे न परवडणाऱ्या माणसाला त्या वाटेवर थोडक्या भाड्यात नेणारी ही गाडी आहे. म्हणूनच खालचा घाट बंद असतानाही अमन लॉज ते माथेरान एवढा तुकडा तरी चालू ठेवा, असा लोकांचा आग्रह असे. वारसा म्हणून नव्हे, तर पायांच्या ऐवजी.

येथे मला विदर्भातली शकुंतला आठवते. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी, अडीच फूट रुळांची ही गाडी इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकली गेली. स्वातंत्र्यानंतर इतर रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी हिच्या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. तिचा वेग माफक होता आणि भाडेही माफक होते. बसचे तिकीट ज्यांना जड जाई त्या मजूर, शेतकरी आणि भाजीवाल्या बाया हेच तिचे खरे प्रवासी. गेल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने थांबली. तिच्यासाठीही लोकांनी आंदोलने केली. पण त्यांची मागणी काय होती ते पाहण्यासारखे आहे. जुने डबे जपा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच मार्गावर ब्रॉडगेज टाका, पण गाडी द्या, असे ते म्हणत होते. वस्तू जपणे आणि वस्तूचे काम जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वऱ्हाडातल्या त्या लोकांना कोणी तत्त्वज्ञान न शिकवताही कळले होते.

हा पेच एकट्या महाराष्ट्राचा नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अनेक गावे कड्याच्या माथ्यावर वसलेली आहेत आणि वाळू खाली शंभर-दीडशे फुटांवर. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथे कड्याच्या उतारावर रूळ टाकून लिफ्ट बसवण्यात आल्या. उत्तरेकडील सॉल्टबर्न गावची लिफ्ट १८८४ सालची. तिची युक्ती मोठी मजेची आहे. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे. एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. वरच्या डब्याच्या पोटातल्या टाकीत पाणी भरायचे. तो जड झाला की उतरू लागतो, आणि उतरता उतरता खालच्या डब्याला वर ओढतो. खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचे. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. विहिरीवर मोट चाले तेव्हा बैल धावेवरून उताराकडे चालत, आणि त्यांच्या उतरण्याने पाण्याने भरलेली मोट वर येई. उतरणाऱ्याच्या वजनावर दुसऱ्याला वर घ्यायचे, हे शहाणपण दोन्हीकडे एकच.

दक्षिणेकडील फोकस्टन गावची अशीच लिफ्ट १८८५ सालची. २०१७ साली सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद पडली. गावकऱ्यांनी संस्था काढली, वर्गणी जमवली, अनुदाने मिळवली आणि ती पुन्हा चालू करण्याचे काम हाती घेतले. तिकडे दूर दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वाल्पाराइसो बंदरात डोंगरांच्या उतारावर साध्या कुटुंबांची घरे आहेत. तेथली पहिली लिफ्ट १८८३ सालची. तेथेही एकेक लिफ्ट बंद पडू लागली तेव्हा लोकांनी आवाज उठवला. कारण बाजाराची पिशवी घेऊन शेकडो पायऱ्या चढण्याचा प्रसंग परदेशी पाहुण्यांवर नव्हे, तेथे राहणाऱ्यांवर येणार होता.

इतके वाचून वाचक म्हणतील, की मग प्रश्न सुटला. लोकांच्या उपयोगाचे जुने ते जपावे, बाकीचे जाऊ द्यावे. इतके सोपे असते तर किती बरे झाले असते! परंतु गेल्या वर्षा-दोन वर्षांत अशा दोन गोष्टी घडल्या, की त्यांनी या उत्तराला दोन बाजूंनी छेद दिला.

पहिली गोष्ट लिस्बनची. पोर्तुगालच्या या राजधानीत ग्लोरिया नावाची, उतारावर चालणारी गाडी १८८५ पासून होती. रचना तीच : एका दोराने जोडलेले दोन डबे. शहराचे ते भूषण. चित्रांत, पोस्टकार्डांवर सगळीकडे ती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तो दोर सुटला, वरचा डबा उतारावरून घसरत गेला आणि १६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी सकाळी गाडीची पाहणी झाली होती. परंतु दोर जेथे सुटला ती जागा, भाग उघडून पाहिल्याशिवाय डोळ्यांना दिसण्यासारखी नव्हती, असे प्राथमिक चौकशीत सांगण्यात आले. हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. जुन्या वस्तूवर आपण प्रेम करतो ते तिच्या दिसणाऱ्या भागावर : रंगावर, शिटीवर, पितळेच्या कड्यांवर. तिचे आयुष्य मात्र अवलंबून असते ते न दिसणाऱ्या दोरावर. दिसणारे चकचकीत ठेवणे म्हणजे जतन नव्हे. न दिसणारे उघडून पाहण्याची कटकट पत्करणे म्हणजे जतन.

आणि उघडून पाहिल्यावर जे कुजलेले निघेल ते बदलायला हवे. येथे काही शुद्धतावादी मंडळी हरकत घेतात. सारे बदलत गेलात तर ते जुने राहिले कोठे, असे विचारतात. त्यांना मी आपल्या घरातली गोधडी दाखवीन. आजीच्या लुगड्याची म्हणून जी गोधडी आपण पांघरतो, तिच्यात आजीच्या लुगड्याचा तुकडा आता वीतभर उरलेला असतो. त्यावर आईने ठिगळ लावले, मग मावशीने, मग आणखी कोणी. तरी ती आजीचीच गोधडी. कारण ऊब देण्यात खंड पडलेला नाही आणि टाका घालणारे हात एकमेकांना ओळखतात. माथेरानच्या गाडीची जर्मन बनावटीची वाफेची इंजिने केव्हाच गेली, डिझेलची आली. २०१६ च्या अपघातांनंतर डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवण्यात आले. त्याने गाडी बाटली नाही. उलट ती जगली. सॉल्टबर्नची ती लिफ्टसुद्धा मुळात आली ती आधीच्या उभ्या पाळण्याचे खांब कुजले आणि तो १८८३ साली धोक्याचा ठरवला गेला म्हणून. आज जिला आपण पुराणी म्हणून नमस्कार करतो, ती एका मोडीत काढलेल्या पुराण्या वस्तूच्या जागेवर उभी आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड, आणि ती माथेरानातलीच. आमच्या शाळेची सहल काही वर्षांपूर्वी तेथे गेली होती. मराठवाड्यातली मुले, दऱ्या पाहून हरखली, गाडीत बसून गाणी म्हणाली. वाटेत त्यांनी हातरिक्षा पाहिली. पुढे एक माणूस दांड्या धरून ओढतो आहे, मागून दुसरा ढकलतो आहे, आणि मध्ये एक धडधाकट गृहस्थ बसलेले आहेत. मुलांचे गाणे थांबले. परत आल्यावर मी निबंधाला विषय दिला, ‘जुने ते सोने’. बहुतेकांनी छोट्या गाडीवर लिहिले. सातवीतल्या एका मुलीने मात्र आपल्या घरच्या जात्यावर लिहिले. तिचा आशय असा : आमच्या घरी जाते आहे. लग्नात त्याला हळकुंड बांधतात, त्याची पूजा करतात. आजी म्हणते, जाते घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. पण आजीच म्हणते, सुनेच्या हाती त्याचा खुंटा पुन्हा द्यायचा नाही. मग सर, जाते जपायचे आहे, की दळणे जपायचे आहे?

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिच्या प्रश्नाने माझे काम मात्र वाढवून ठेवले. जात्यावरच्या ओव्यांवर आपण केवढे प्रेम करतो! त्यांचे संग्रह करतो, व्याख्याने देतो, डोळे पुसतो. पण पहाटे तीनला उठून, पोटुशी असतानाही, साऱ्या घराचे दळण एकटीने ओढणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, की बाई, हे जपायचे का, तर तिने काय सांगितले असते? गिरणी गावात आली त्या दिवशी ओवी एकटी पडली हे खरे. पण त्या दिवशी कित्येक बायकांना पहाटेची तासभर झोप मिळाली, हेही तितकेच खरे. जाते देव्हाऱ्याजवळ ठेवा, ओव्या मुलांना शिकवा. दळण मात्र गिरणीत जाऊ द्या. आजीचा निकाल कोणत्याही न्यायमूर्तीने सही करावी असा होता.

आणि न्यायमूर्तींनी तो केलाही. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षांविषयी निर्णय दिला. माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांच्या आत ती टप्प्याटप्प्याने बंद करा. विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणून त्या, हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच चालवायला मिळतील अशी योजना करा. आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असा त्याचा मथितार्थ. परवानाधारक रिक्षा होत्या ९४. हिशेबात मोठा आकडा नव्हे. परंतु ओढणाऱ्याच्या छातीत किती श्वास भरतो ते आकड्यांवर ठरत नाही.

या बदलाला विरोध करणारे सगळेच निष्ठुर होते असे मी म्हणणार नाही. घोडेवाल्यांना आपल्या भाकरीची काळजी होती आणि ती खरी होती. झाडीच्या आणि शांततेच्या कळकळीने काहींना वाटत होते, की एक यंत्र वर आले की त्याच्या मागून दुसरे येईल आणि लाल मातीचे माथेरान खालच्या शहरांसारखे होऊन जाईल. ही भीतीही पोकळ नव्हे. मात्र एक गोष्ट मला सुचवावीशी वाटते. माथेरान जसेच्या तसे राहावे, या इच्छेची किंमत जर कोणाच्या तरी फुप्फुसांनी चुकवायची असेल, तर इच्छा करणाऱ्याने निदान एक दिवस ती दांडी आपल्या हाती धरून पाहावी. डोंगराचे मौन मोलाचे आहे. पण धापा टाकणाऱ्या माणसाला ते ऐकू येत नाही.

आता छोटी गाडी आणि हातरिक्षा शेजारी शेजारी उभ्या करून पाहा. दोन्ही जुन्या, दोन्ही माथेरानच्या, दोन्ही पाहुण्यांच्या छायाचित्रांत असणाऱ्या, आणि दोन्ही लोकांच्या उपयोगाच्या. वय पाहिले, नाव पाहिले, उपयोग पाहिला, तरी फरक सापडत नाही. फरक एकच आहे : एक जुनेपण माणसांना उचलते आणि दुसऱ्याला माणसाने उचलावे लागते. पहिले जपावे, दुसरे थांबवावे. सोनाराच्या दगडासारखा कस शोधत मी निघालो होतो, तो माझ्या मते हाच आहे. ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, हे आधी विचारा. वय मागाहून विचारता येईल. आमच्या मीटरगेजलाही हा कस लागू पडतो. मनमाडच्या फलाटावर तिचे अरुंदपण हमालांची पाठ वाहत होती. म्हणून तिचे जाणे योग्य होते.

पण हाच कस पुढे नेला तर तो आपल्यालाही, म्हणजे जतन व्हावे म्हणणाऱ्यांनाही, लागतो. छोट्या गाडीचे ओझे कोणाच्याच खांद्यावर नाही असे नव्हे. पावसाळ्यात दरड कोसळते तेव्हा रूळ मोकळा करायला माणसेच जातात. त्या मार्गासाठी कड्यांत सुरुंग लावणारे, खडी फोडणारे, उन्हात रूळ वाहणारे हात १९०७ साली किती होते आणि कोणाचे होते, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. पीरभॉय पितापुत्रांचे नाव राहिले, ते राहावेच. त्यांनी धाडस केले. परंतु ज्याला ही गाडी हवी आहे त्याने तिच्या खलाशाचा पगार, रूळ तपासणाऱ्याची पावसाळी घोंगडी आणि दोर-ब्रेकांचा खर्च हाही आपलाच खर्च मानला पाहिजे. फोकस्टनच्या लोकांनी नुसते ‘वाचवा, वाचवा’ म्हटले नाही. ते पैशाच्या कामाला लागले. ‘हे जपले पाहिजे’ या वाक्यात कर्ता नसतो, हीच त्याची अडचण. व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगतो, की वाक्यात कर्ता दिसत नसेल तर क्रियापदाला ‘कोण’ असा प्रश्न विचारा. जपले पाहिजे, कोणी? येथे जो ‘मी’ म्हणून हात वर करील त्याचेच प्रेम खरे.

कोणी म्हणेल, इतकी यातायात करायचीच कशाला? नवे पुष्कळ आहे. याचे उत्तर मला आमच्याच गावात मिळते. बदनापूरला कडधान्यांचे कृषी संशोधन केंद्र आहे. ‘बीडीएन ७११’ ही तुरीची जात तेथलीच. नावातली अक्षरे बदनापूरचीच आहेत. अशा केंद्रांतून तुरीचे नाना जुने वाण सांभाळून ठेवतात. त्यांतले कित्येक शेतात पेरले तर आजच्या शेतकऱ्याला परवडणार नाहीत. कोणाचा दाणा बारीक, कोणी उशिरा येणारा. तरीही ते जपायचे, कारण उद्या एखादा रोग आला तर त्याच्याशी झगडण्याचे बळ त्या बारीक दाण्यात असू शकते, आणि एकदा वाण गेला की तो पुन्हा घडवता येत नाही. विशेष हे, की बी नुसते पेटीत ठेवून भागत नाही. पेटीतले बी काही वर्षांनी मरते. ते अधूनमधून पेरावे लागते, उगवून घ्यावे लागते. पाण्याच्या वजनावर डोंगर चढणे, धूर न करता, गर्दी न करता, सावकाश दोन फुटांच्या रुळांवरून वर जाणे, ही देखील माणसाच्या बुद्धीची वाणे आहेत. पेट्रोलच्या आणि घाईच्या या युगात त्यांची गरज कधी लागेल ते सांगता येत नाही. चालू ठेवली तरच ती जिवंत राहतील.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना माथेरानला जायचे असेल त्यांनी अवश्य जावे. तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याचा कंटाळा करू नये. त्या तिकिटातूनच गाडीला थोडे आयुष्य मिळते. चढावर एखादा रूळ-कामगार बाजूला सरून उभा राहिलेला दिसला, तर मुलांना खिडकीतून दरीबरोबर तोही दाखवावा. त्याला हात करायला शिकवावे. वर पोचल्यावर लाल मातीतून चालवत असेल तर चालावे, आणि चालवत नसेल त्याने विजेच्या रिक्षात बसावे. तिच्या चालकाशी दोन शब्द बोलावे. काल जो पुढे जुंपलेला होता, तो आज ताठ बसून गाडी हाकताना दिसला, तर त्या डोंगरावर पाहण्यासारखे याहून सुंदर दृश्य दुसरे नाही.